तुझं काय जातंय?

बारामती-इंदापूर पट्ट्यात नेमणूक आदेशाआधी फ्लेक्सवर होते. तालुका समितीचा अशासकीय सदस्य असो, विशेष कार्यकारी अधिकारी असो, नाहीतर थेट महामंडळ. 'हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साइज तोंडं. हा गडी पात्र आहे का, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं : "तुझं काय जातंय?"

कोर्टातही सरकारी वकिलाचा पहिला मुद्दा बहुधा हाच. याचिकाकर्त्याला लोकस, म्हणजे दाद मागण्याचा हक्कच, नाही! नोकरीच्या भांडणात तो टिकतोही. तिऱ्हाइताची जनहित याचिका तिथे चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1998 मध्ये सांगून ठेवलंय. पण कायद्याने निर्माण झालेल्या सार्वजनिक पदावर अपात्र माणूस बसला, तर कोणताही नागरिक विचारू शकतो : बाबा रे, कोणत्या अधिकाराने बसलास? याला अधिकारपृच्छा म्हणतात. स्वतःचं नुकसान दाखवावं लागत नाही. केंद्रीय दक्षता आयुक्त थॉमस यांची नेमणूक 2011 मध्ये रद्द झाली, ती ज्यांना ते पद नको होतं अशांच्याच याचिकेवर.

आणि ते बरंच आहे. कारण ज्याचं खरंच काही जातं, तो कोर्टाची पायरी सहसा चढत नाही. डावललेला कार्यकर्ता दोन दिवस फोन बंद ठेवतो, तिसऱ्या दिवशी साहेबांच्या गाडीमागे असतो. त्याला पुढच्या यादीत यायचं असतं ना!

विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त बारा आमदारांचंच बघा. जून 2020 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी बारामतीच्या गोविंदबागेत शरद पवारांना त्यांच्या घरी भेटून आले, नोव्हेंबरात शेट्टींच्या नावासह सरकारची यादी राजभवनात पोचली आणि तिथेच मुरली. कोर्टात कोण गेलं? नाशिकचा एक नागरिक, ज्याचं यादीत नावच नव्हतं. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, वाजवी मुदतीत निर्णय घेणं राज्यपालांचं कर्तव्य आहे. राज्यपाल कोश्यारींनी ते ऐकलं असावं. निर्णय काही आला नाही. 2022 मध्ये नव्या सरकारने यादीच मागे घेतली. त्याला आव्हान दिलं कोल्हापूरच्या एका शिवसैनिकाने. तोही बारांतला नव्हे. जानेवारी 2025 मध्ये याचिका फेटाळली गेली, तोवर दुसरेच सात जण शपथ घेऊन मोकळे झाले होते.