प्रकरण विचाराधीन आहे

बँकेतले साहेब कादंबरी लिहितायत हे सगळ्यांत आधी शिपायाला कळतं. रद्द व्हाउचरं एरवी रद्दीत जायची. हल्ली साहेब ती स्वतः गोळा करून ड्रॉवरमध्ये ठेवतात. मग एखाद्या व्हाउचरच्या पाठीवर 'ती खिडकीशी पाठमोरी उभी होती' असं काहीतरी सापडतं. शिपाई ते हेडकॅशियरला दाखवतो, हेडकॅशियर क्लिअरिंगच्या बाईंना, आणि संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंत 'ती' कोण यावरून शाखेत दोन तट पडलेले असतात.

असे साहेब मी चार-पाच पाहिले आहेत. एक विम्यात होते, एक महसुलात, बाकीचे बँकेत. आतून सगळे एकाच छापाचे, म्हणून त्यांचा मिळून हा एक केला आहे. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, तालुक्याच्या गावात शाखाधिकारी, सकाळी रक्तदाबाची एक गोळी, आणि कपाटात कर्जदारांच्या सातबाऱ्यांखाली चारशे पानांची कादंबरी.

या नोकरीतला ताण बाहेरच्याला सांगून कळत नाही. शटर वर जायच्या आधीच रीजनल ऑफिसचा मेसेज येऊन पडलेला असतो: आज लॉगिन डे, प्रत्येक शाखेकडून किमान पाच पॉलिसी. ज्याला खतं घ्यायला पैसे नाहीत म्हणून तो बँकेत आलाय, त्यालाच विमा विकायचा असतो. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीएत जातं, त्यामुळे एकोणनव्वदाव्या दिवशी साहेब मोटरसायकल काढून कर्जदाराच्या वस्तीवर जातात. दारातलं पोरगं 'पप्पा रानात गेलेत' म्हणतं आणि पप्पा आतल्या खोलीत खोकतात. दुपारी लिंक जाते. रांगेतला प्रत्येक माणूस 'लिंक कधी येणार' हे साहेबांनाच विचारतो, जणू ती त्यांनी घरी ठेवली आहे. आणि संध्याकाळी सातला व्हीसी. तिथे शाखेचं नाव घेऊन विचारतात, 'तुमचा आकडा शून्य का?' साहेब कॅमेऱ्याकडे बघून मान डोलावतात आणि टेबलाखालच्या वहीत नायकाला नदीवर पाठवून देतात.

नायक फार वेळा नदीवर जातो. संवेदनशील आहे. गाव सोडून शहरात जातो, शहरात त्याला गाव आठवतं, गावात परत आल्यावर शहर आठवतं. बाप शेतकरी, आई सोशिक, खिडकीशी पाठमोरी उभी असलेली ती. मुख्य म्हणजे चारशे पानांत नायक कसलंही काम करत नाही. पाचव्या प्रकरणात तो एकदा पोस्टात जातो, तेवढंच. 'तुम्ही रोज इतकी माणसं बघता, बँकेवर का नाही लिहीत?' असं मी एकदा विचारलं. साहेब माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्याकडे विनातारण कर्ज मागितलं होतं. म्हणाले, 'पहाटे पाचला उठून पुन्हा बँकेतच जाऊ?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नोकरी करून थोर झालेल्या लेखकांची यादी त्यांना मुखोद्गत. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये होते. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीवर. विश्वास पाटलांनी सरकारी सेवेत राहून 'पानिपत' लिहिली. काफ्का प्राग शहरात कामगारांच्या अपघात विमा संस्थेत होता. सगळ्यांत लाडका एलियट, कारण तो तर बँकवाला: 1917 पासून 1925 पर्यंत लंडनला लॉइड्स बँकेत. हे सांगताना साहेबांची छाती फुगते. मग थोड्या वेळाने ती आपोआप खाली येते आणि ते म्हणतात, 'पण त्याला पॉलिसीचं टार्गेट नसणार.' नेमाड्यांचा विषय मात्र त्यांच्यासमोर काढू नये. 'कोसला' 1963 साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीचे होते, आणि पंचविशीत साहेब प्रोबेशनवर नोटा मोजत होते.

शाखेला या कादंबरीत एकच रस: आपण त्यात आहोत का? हेडकॅशियरने एकदा चहाच्या वेळी सहज म्हणून विचारलं. साहेबांनी 'छे छे, तुमचं काही नाही त्यात' म्हणून त्यांना निश्चिंत केलं. त्यावर हेडकॅशियर दोन दिवस बोलले नाहीत. इतकी वर्षं एका माणसाबरोबर काम करायचं आणि त्याच्या चारशे पानांत आपल्याला दोन ओळींची जागा नाही! असतो तर बदनामीचा दावा लावला असता, ते वेगळं. घरी बाईसाहेबांनी अख्खी कादंबरी मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून दिली. त्यामुळे हे हस्तलिखित पूर्ण वाचलेली ती पहिली व्यक्ती. अभिप्राय विचारल्यावर म्हणाल्या, 'छान आहे. मोठी आहे.'

आणि मग साहेब रजा टाकून पुण्याला, अप्पा बळवंत चौकात.

इथून पुढचं दीड वर्ष या माणसाच्या आयुष्यातलं बघण्यासारखं. टेबलाच्या त्या बाजूला बसायची सवय असलेला माणूस पहिल्यांदा या बाजूच्या खुर्चीवर बसला, आणि तीही डुगडुगणारी. पहिल्या प्रकाशकांनी बाड हातात न घेता वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, 'ठेवून जा. वाचून कळवतो.'

'साधारण किती दिवस?'

'बघू. आमच्या वाचकांकडे देतो.'

महिन्याने फोन केला तर वाचक बाहेरगावी. दोन महिन्यांनी वाचकांच्या घरी लग्न. चौथ्या महिन्यात प्रकाशक स्वतःच म्हणाले, 'तुमचं माझ्या लक्षात आहे.' फोन ठेवून साहेब बराच वेळ गप्प बसले. फाइल सापडत नसली की ते स्वतः कर्जदाराला हेच सांगतात.

दुसऱ्या प्रकाशकांनी विचारलं, 'याआधी काही प्रसिद्ध?' एका दिवाळी अंकात एक कथा आली होती. अंक पुढच्या वर्षी बंद पडला. 'म्हणजे नवीनच,' असं म्हणून त्यांनी बाड सभ्यपणे परत सरकवलं. साहेबांना ही भाषा पाठ होती. ज्याने आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही त्याचा सिबिल 'मायनस वन' येतो. मग त्याला सांगायचं की तुमची काही हिस्टरी नाही, म्हणून कर्ज नाही. आणि कर्ज दिल्याशिवाय हिस्टरी तयार कुठून होणार, हे विचारणारे लोक साहेबांना आजवर उर्मट वाटत आले होते.

तिसरे दिलदार निघाले. चहा मागवला. 'कादंबरी कोण वाचतंय हो आता? तुम्ही बँकेत ना? मग पैशावर लिहा. तिशीत श्रीमंत व्हा, चाळिशीत निवृत्त व्हा, असलं काहीतरी. महिन्यात काढतो.' साहेब म्हणाले, 'मी चाळिशीचा आहे आणि घराच्या कर्जाचे चौदा वर्षांचे हप्ते बाकी आहेत.' प्रकाशक म्हणाले, 'ते त्यात घालू नका.'

कुणीतरी सुचवलं म्हणून राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाचीही चौकशी झाली. पहिल्याच पुस्तकाला मदत करणारी योजना आहे हे ऐकून साहेबांना गहिवरून आलं. ज्याच्याकडे हिस्टरी नाही त्यालाच पैसे! शाखेत असं कुणी केलं तर ऑडिटर त्याला उभा सोलेल.

या दिवसांत साहेबांनी एक प्रयोग केला, तो मला फार आवडला. आपल्याला जे भोगावं लागतंय ते आपण दुसऱ्याला भोगायला लावायचं नाही, असं ठरवून आठवडाभर त्यांनी प्रत्येक कर्जदाराला खरं काय ते सांगितलं. 'तुमचं प्रकरण होणार नाही', पहिल्याच दिवशी, तोंडावर. लोक बिथरले. 'मॅनेजर माजलाय' अशी गावात आवई उठली. एकाने आमदारांचं पत्र आणलं, दुसऱ्याने वर तक्रार केली. सातव्या दिवशी साहेब पुन्हा 'बघू, दोन दिवसांनी या' वर आले आणि शाखेत शांतता नांदू लागली. प्रकाशकांविषयीचा त्यांचा रागही तेव्हापासून निम्मा उतरला.

चौथ्या प्रकाशकांनी होकार दिला. अट अशी की कादंबरी अठरा फर्म्यांत बसवायची. फर्मा सोळा पानांचा, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं झाली. नदीवरच्या सात संध्याकाळींपैकी पाच राइट ऑफ कराव्या लागल्या. पहिली आवृत्ती पाचशे प्रती, किंमत चारशे रुपये, त्यातल्या दोनशे प्रती लेखकाने निम्म्या किमतीत घ्यायच्या. रॉयल्टी दहा टक्के, पण उरलेल्या तीनशेंवर. साहेबांनी कराराचं प्रत्येक कलम वाचलं, दोन ठिकाणी शंका विचारल्या, एका ठिकाणी 'पक्षकार क्रमांक दोन' कोण हे स्पष्ट करून घेतलं. प्रकाशक अवघडले.

'सही करायच्या आधी कुणी वाचत नाही हे.'

'आमच्याकडेही नाही वाचत,' साहेब म्हणाले आणि सही केली. चाळीस हजार रुपये स्टाफ ओव्हरड्राफ्टमधून गेले.

प्रुफं आली ती रडवणारी. बाईसाहेबांचा युनिकोड प्रेसच्या फॉन्टमध्ये ओतताना वाटेत कुठेतरी अर्धा र सांडला होता. 'वाऱ्यावर' होतं तिथे 'वायावर', 'दऱ्या' होत्या तिथे 'दया'. नायक दया-खोयांतून भटकत होता. साहेबांनी हिरव्या शाईचं पेन काढलं आणि तीन रविवार बसून दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं ऑडिटला लावली. प्रत्येक ओळीवर बरोबरची बारीक खूण, प्रत्येक पानाखाली लघुस्वाक्षरी आणि तारीख. खाडाखोड झाली तिथे पूर्ण सही. प्रेसमधल्या डीटीपीच्या मुलीने त्या लघुस्वाक्षऱ्याही मजकूर समजून टाइप केल्या. दुसरं प्रुफ त्यासाठी काढावं लागलं.

प्रकाशन समारंभाला चौथा शनिवार गाठला, कारण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद. मार्च टाळला, हे सांगायला नकोच. नगर वाचनालयाचा हॉल, शाल-श्रीफळ, बटाटेवडे. अध्यक्ष म्हणून जे साहित्यिक बोलावले होते त्यांनी 'मी ही कादंबरी अजून पूर्ण वाचलेली नाही' इथून सुरुवात करून स्वतःच्या कादंबरीविषयी पाऊण तास सांगितलं. प्रमुख पाहुणे रीजनल मॅनेजर. ते थोडक्यात बोलले. म्हणाले, दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं लिहायला यांना वेळ मिळतो ही कौतुकाची गोष्ट आहे. समोर बसलेला सगळा स्टाफ टाळ्या वाजवता वाजवता थांबला. साहेबांचा चेहरा व्हीसीत होतो तसा झाला आणि मान आपोआप डोलायला लागली.

दोनशे प्रती घरी आल्या आणि दिवाणाखाली गेल्या. साहेबांनी पुस्तक घ्या असं शाखेत कुणालाही म्हटलं नाही, याची मी शपथ घेऊन साक्ष देईन. त्यांनी फक्त टेबलावर, स्टँपपॅडच्या शेजारी, पाच प्रतींची चळत ठेवली. पण कर्ज मागायला येणारा माणूस साहेबाच्या टेबलावरच्या वस्तूचा अर्थ लावायला शिकलेला असतो. पहिल्या दिवशी एक किराणा दुकानदार आला, त्याने न विचारता दोन प्रती उचलल्या, आठशे रुपये मोजून ठेवले आणि हळूच विचारलं, 'मग आता विमा घ्यावा लागणार नाही ना?' महिनाभरात साठेक प्रती गेल्या. साहेब मला म्हणाले, 'ग्रामीण भागात वाचनसंस्कृती टिकून आहे.'

वाचली किती जणांनी, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. काही प्रश्न मैत्रीत विचारू नयेत. परीक्षणासाठी वर्तमानपत्रांकडे गेलेल्या प्रतींचं उत्तर आलेलं नव्हतं, हेडकॅशियरने आपण खरंच नाही ना एवढं तपासून पुस्तक मिटलं होतं, आणि अध्यक्षांची प्रत हॉलमध्येच राहिली होती, ती वाचनालयाच्या ग्रंथपालांनी शिक्का मारून जमा करून घेतली.

कादंबरीचा एक खरा वाचक मात्र मी डोळ्यांनी पाहिला. मेअखेरीचा दिवस, पीककर्जाची गर्दी, लिंक गेलेली. एक म्हातारे शेतकरी 'दोन दिवसांनी या' च्या चौथ्या फेरीला आलेले. टेबलावरचं पुस्तक त्यांनी पहिल्याच फेरीला घेतलं होतं, आणि बाकावर बसून बसून, एसटीत बसून बसून, ते अक्षर न् अक्षर वाचून काढलं होतं. खूण म्हणून मधे बँकेचीच टोकनची चिठ्ठी. साहेबांना ते कळलं तेव्हा त्यांनी हातातली फाइल बाजूला ठेवली, म्हाताऱ्यांना स्वतः खुर्ची दिली, शिपायाला चहा सांगितला. 'काका, मोकळेपणाने सांगा. कशी वाटली?'

काकांनी चष्मा लावला, टोकनचं पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं.

'बाकी सगळं झ्याक आहे साहेब. पण ह्यो पोराचा बाप मृगात शाळू पेरतोय. शाळू रब्बीचा. आता मला सांगा, असल्या माणसाला तुम्ही तरी पीककर्ज द्याल का?'