चावी कुणाकडे द्यायची?

तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकाच्या जिवाची काळजी उत्तम घेतली जाते. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बनाना राइडवर बसू देत नाहीत, पट्टे दोनदा ओढून बघतात, हृदयाचा काही त्रास आहे का विचारतात. मोबाइलसाठी गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवीही मिळते. गाडीच्या चावीचं काय करायचं, असं विचारलं की मात्र काउंटरवरचा माणूस पाटीकडे बोट दाखवतो. मौल्यवान वस्तूंची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी.

घ्यावी, पण कुठे? पाण्यात जायच्या कपड्यांना खिसे नसतात; असलेच तर ते नावापुरते. बनाना राइडवाला परतताना मुद्दाम गर्रकन वळण घेऊन सगळ्यांना पाण्यात पाडतो. पैसे त्याचेच असतात. त्या गडबडीत खिशातून चावी निसटली, तर तिने काही लाइफ जॅकेट घातलेलं नसतं.

पूर्वी चावी म्हणजे धातूची पट्टी. करगोट्याला बांधा, समुद्रात बुडी मारा, वर येऊन गाडी चालू करा. मग सुधारणा झाल्या. आता चावीत नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल असतो, सर्किट असतं, चिप असते. खाऱ्या पाण्यातून वीज छान वाहते, त्यामुळे ते आत शिरलं की सर्किट बघता बघता गंजतं. म्हणजे चावी सगळ्यात जास्त भिजायची शक्यता जिथे असते, नेमकं तिथलंच पाणी तिला सोसत नाही.

गाडीतच ठेवू म्हटलं तर गाडी ऐकत नाही. चावी आत राहिल्याचं तिला कळतं, ती पीप-पीप करते आणि लॉक व्हायला नकार देते. टायरवर लपवली, तर गाडी एकदम आज्ञाधारक होते. हँडलला हात लागला की ती आसपास चावी शोधते आणि मीटरभरात सापडली की दार उघडून देते. हात मालकाचा की शहाळेवाल्याचा, ही चौकशी तिच्या कामात बसत नाही. यावर जाणकार सांगतात की चावी अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावी. उपाय खरा आहे, फॉइलमधून लहरी आरपार जात नाहीत. थोडक्यात, बारा लाखांची गाडी सुरक्षित राहावी म्हणून डब्यातल्या पोळ्या उघड्या ठेवाव्या लागतात.

जॅग्वारने 2016 च्या सुमारास एफ-पेस गाडीबरोबर मनगटावर बांधायची, पाण्यात चालणारी चावी आणली. पण ती गाडी ज्याला परवडते त्याला ड्रायव्हरही परवडतो, आणि चावी ड्रायव्हरकडे असते.

दुसरी चावी आहे की, असं सगळे म्हणतात. आहे ना, पुण्याला कपाटात. मालवणपासून पावणेचारशे किलोमीटर. पहिली बुडाली तर पोलिसांत तक्रार, मग सर्व्हिस सेंटर, मग नवी चावी गाडीला ओळखीची करून देण्याचा कार्यक्रम. पुढे कधी गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक अरबी समुद्रात आहे, हे उत्तर त्यांच्या फॉर्मात भरता येत नाही.

मराठी घरांनी यावर फार पूर्वीच तोडगा काढला होता, तो म्हणजे आत्या. आत्याला पाणी बाधायचं. ती सुरूच्या सावलीत सतरंजीवर बसायची. तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये चष्मे, घड्याळं, अंगठ्या आणि चाव्या असायच्या, आणि कुठली कुणाची हे तिला पाठ असायचं. पावती नाही, शुल्क नाही. अलीकडे मात्र भाचरं ‘आत्या, तू पण चल’ म्हणू लागली. आता आत्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा करते आणि तोंडात नळी असल्यामुळे चाव्यांबद्दल काही बोलत नाही.

देवळाबाहेर जुन्या चपलेलासुद्धा टोकन मिळतं. तेव्हा वॉटर स्पोर्ट्सवाल्यांना हात जोडून विनंती आहे. काउंटरमागे चार खुंट्या ठोका, नंबराचे बिल्ले करा, चावीमागे दहा रुपये घ्या. आम्ही वीस देऊ. फक्त ती पाटी काढा.