बासष्टच्या स्ट्रॅटची प्राणप्रतिष्ठा

१९६२ सालची फेंडर स्ट्रॅटोकास्टर सुट्या पण अस्सल भागांतून उभी करायची असेल, तर स्वस्ताईचा विचार आधी मनातून काढून टाकावा. भाग एकेक करून घेतले की गिटार कमी पैशांत पडते, असा नवशिक्यांचा समज असतो. जुन्या गिटारींच्या बाजारात मात्र हिशेब उलटा चालतो. अखंड वाद्यापेक्षा त्याचे पिकअप, आवाज-टोन कमीजास्त करणारे पॉट, खुंट्या आणि पिकगार्ड वेगवेगळे विकले, तर अनेकदा जास्त पैसे हाती लागतात. म्हणूनच रंग उडालेली किंवा कुठे भोक पाडलेली बिचारी गिटार व्यापाऱ्याच्या टेबलावर सुटी केली जाते. मग या उद्योगात पडावे तरी का? तर कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या कारखान्यात १९६२ साली ही गिटार ज्या रीतीने जन्मली, त्याच रीतीने ती आजही जन्माला घालता येते म्हणून: डब्यांतले भाग उचलायचे आणि स्क्रू पिळायचे. बाजार जिला 'हात न लागलेली' म्हणून ओवाळतो, तीही मुळात जुळवाजुळवच होती.

पुरावा खुद्द रचनेतच आहे. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यातून आलेले गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे, हे उमेद खचेल तेव्हा साधकाने जरूर आठवावे. बिघडलेला भाग काढावा आणि नवा बसवावा, हा दुरुस्तीवाल्याचा न्याय त्यांनी गिटारीलाही लावला. म्हणून स्ट्रॅटची नेक बॉडीला चिकटवलेली नसते. मागून चार स्क्रूंनी आवळलेली असते. ती सोडवली की बुडाशी तारीख दिसते, १९६२ च्या सुरुवातीला पेन्सिलीने लिहिलेली, नंतर रबरी शिक्क्याची. पॉटवरची तारीख त्याहून वेगळी. स्क्रूंखालच्या पोलादी पट्टीवरचा अनुक्रमांक तर या दोघींशीही बांधील नाही, कारण पट्ट्या डब्यात एकत्र पडलेल्या असत आणि हाताला लागेल ती बसवली जाई. तेव्हा भाग निवडताना तारखांत काही महिन्यांचे अंतर मुद्दाम ठेवावे. सगळ्या तारखा तंतोतंत जुळणारी गिटार कुणी दाखवलीच, तर नमस्कार करून बाहेर पडावे.

बॉडी घेताना रंगाकडे पाहू नये, भोकांकडे पाहावे. त्या काळी बॉडीत बारीक खिळे ठोकत, म्हणजे रंग देताना आणि वाळवताना ती खाली टेकत नसे. रंग वाळला की खिळे उपटून काढत. त्यामुळे पिकगार्डखाली जी बारीक भोके राहतात, त्यांच्या आत रंग नसतो, कोरडे लाकूड दिसते. भोकाच्या आत रंग उतरलेला दिसला, की बॉडी नंतर कुणीतरी रंगवली हे सिद्ध झाले आणि किंमत ढोबळ मानाने निम्म्यावर आली. म्हणजे साधक जे हजारो डॉलर मोजतो, त्यातले बरेचसे भोकात रंग नसल्याबद्दलचे असतात. ज्याला हे पटत नसेल, त्याने तबला शिकावा.

खरी तपश्चर्या विजेच्या भागांत आहे. पॉटच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. पहिले तीन पॉट बनवणाऱ्या कंपनीचे: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. ३०४६२२३ असे दिसले तर पॉट १९६२ च्या तेविसाव्या आठवड्यातला. गिटार मात्र त्यानंतर केव्हाचीही असू शकते. फेंडर कंपनी १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. या नव्या मालकीत १९६६ मध्ये पॉटांचा एवढा साठा झाला की तो पुढे काही वर्षे संपेना, आणि त्यानंतरच्या गिटारींतही सहासष्टचे पॉट निघतात. तरीही आकडे त्या सालाशी जुळले पाहिजेत, ही बाजाराची अट आहे. त्याहून कडक अट डाखाची. जुना डाख मंद, राखाडी दिसतो. नव्याने दिलेला चमकतो. 'डाख हललेला नाही' या तीन शब्दांवर सौदे ठरतात. आता पंचाईत अशी, की डाख न देता गिटार जोडणार कशी? व्यवहारी तोडगा म्हणजे पिकअप, पॉट, स्विच आणि वायरींसकट अख्खा पिकगार्ड एकगठ्ठा घ्यावा. तरी जॅककडे जाणाऱ्या दोन वायरी आणि मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीकडे जाणारी एक, असे तीन टाके घालावेच लागतात. ते दिवसाढवळ्या घालावेत आणि विचारल्यावर कबूल करावेत. जुना दिसेल असा डाख देण्याच्या युक्त्या आहेत, पण तिथे कारागिरी संपून बनवेगिरी सुरू होते.

पिकगार्ड सेल्युलॉइडचा, तीन थरांचा, अकरा स्क्रूंचा हवा. हे सेल्युलॉइड वर्षानुवर्षे हिरवट पडते आणि आकसते, त्यामुळे त्याची भोके बॉडीवरच्या भोकांशी जुळत नाहीत. ओढून बसवले तर तडा जातो, नवे भोक पाडले तर बॉडी बाटते. यावर उपाय नाही. चार-पाच स्क्रू नुसते टेकवून ठेवावेत. ब्रिजच्या सॅडलवर 'पेटंट प्रलंबित' असा इंग्रजी छाप हवा. पेटंट १९५६ सालीच मिळाले होते, पण ही शिळी बातमी नसेल तर सॅडल त्या काळचे नाही. ब्रिजवरचे चकचकीत झाकणही शोधावे. तळहात टेकायला आड येई म्हणून वादक ते काढून त्यात सिगारेटची राख झाडत, आणि त्याचे नावच ॲशट्रे पडले. आज त्या राखदाणीलाही शेकडो डॉलर पडतात.

फिंगरबोर्ड ब्राझिलियन शिसवाचा असतो, आणि हे लाकूड १९९२ पासून दुर्मिळ जीवजातींच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. अमेरिकेतून पुण्याला नेक आणायची तर लाकूड बंदीच्या आधीचे असल्याचे कागद लागतात. नुसते 'जुनी आहे हो' म्हणून कस्टम्सचा अधिकारी ऐकत नाही. पुढे फेंडरने आपल्याकडच्या शिसवाकडे मोर्चा वळवला, आणि नेमक्या त्याच काळापासूनच्या गिटारींना बाजार नाक मुरडू लागला. दोष सीबीएसच्या कारभाराला दिला जातो. शिसवाने मनाला लावून घेऊ नये.

आता आक्षेप. पहिला असा, की गोळा करून जोडलेल्या गिटारीला वंश नाही. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून पन्नासच्या दशकातल्या काही स्ट्रॅट घेतल्या. जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड यांना एकेक दिली आणि उरलेल्या तिघींतले उत्तम भाग काढून एक जोडली. ती 'ब्लॅकी'. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. यावर कुणी म्हणेल, की किंमत क्लॅप्टनच्या हातांची होती, भागांची नव्हे. अगदी बरोबर, आणि हे मान्य केले की हात न लागलेल्या गिटारीला सगळ्यांत जास्त भाव का, याचे उत्तर बाजाराला द्यावे लागेल. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: एक गिटार पुरी करायला दुसरी मारावी लागते. धडधाकट वाद्य फोडणाऱ्याच्या बाबतीत हे खरेच आहे, आणि असे भाग घेऊ नयेत. पण नेक मोडलेली, बॉडी कापलेली गिटार मारणारा साधक नसतो; तो तिचे अवयवदान घडवतो. तिसरा आक्षेप झिजेचा, की वेगवेगळ्या हातांत झिजलेले भाग एकत्र शोभत नाहीत. फेंडर कंपनीच १९९५ पासून कोऱ्या गिटारी घासून, रंग उडवून 'रेलिक' म्हणून विकते आहे, आणि गिऱ्हाइके रांग लावून घेतात. आपली झीज निदान खरी तरी आहे.

शेवटचा आक्षेप वाजवणाऱ्यांचा, आणि त्यांच्याशी वाद घालणे कठीण. मूळच्या बारीक फ्रेट झिजलेल्या. त्या बदलल्या तर मोल घटते. फिंगरबोर्डची गोलाई एवढी, की वरच्या फ्रेटवर तार जोरात ओढली तर सूर गुदमरतो. सगळ्यांत गमतीची गोष्ट पिकअपची. त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली असे, म्हणून तिच्याखालचा चुंबक मुद्दाम उंच ठेवलेला. आज तिसरी तार साधी लावतात, आणि त्या उंच चुंबकामुळे ती बाकीच्या पाच जणींवर ओरडते. चुंबक खाली दाबावा, तर वेटोळ्याची केसासारखी तार तुटून पिकअप कायमचा मुका होतो. तेव्हा गुंडाळलेली तिसरी तार लावावी आणि ती ओढण्याचा मोह आवरावा. तारा मात्र नव्याच लागतात. साठ वर्षांपूर्वीचा संच सापडला तरी बहुधा गंजलेला असतो. विकायची वेळ आली, तर कोणता भाग कुठल्या सालचा आणि कुठून आला, याची लेखी यादी गिऱ्हाइकाला द्यावी. तीत 'तारा: मूळच्या नाहीत' हे सगळ्यांत वर लिहावे, म्हणजे घासाघीस तिथूनच सुरू होईल.