दोनशे समास, दोनशे भाग

गणपतीला मुंबईहून वरंधला येणारं बिऱ्हाड मोकळ्या हातानं येत नाही. दादरचं मखर येतं, लाडवांचे डबे येतात, आणि एका घरात कॉलेजातल्या नातीच्या मोबाइलमधून जपानी पोरींचा अख्खा जथा आला. वरंधा घाट पावसाळ्यात बहुतेक वर्षी जड वाहनांना बंद असतो, आणि रेंज सगळ्यांनाच. म्हणून नातीनं 'सेलर मून' या जपानी कार्टून मालिकेचा पाचवा सीझन, 'सेलर स्टार्स', ३४च्या ३४ भाग आधीच उतरवून घेतला होता.

आजी भिजवून मोड आणलेल्या वालाचं ताट घेऊन शेजारी बसली. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वाल दाबला की साल हातात राहते आणि दाणा टुणकन ताटात.

"आजी, तुला नाही कळायचं. आधीचे १६६ भाग बघावे लागतात."

"कीर्तनाला उशिरा गेलं तर बुवा परत पहिल्यापासनं सुरू करतात काय?"

नातीला उत्तर सुचलं नाही. पण तिचंही चुकत नव्हतं. नाओको ताकेउचींची चित्रकथा 'नाकायोशी' मासिकात सुरू झाली, पाठोपाठ मार्च १९९२मध्ये ती टीव्हीवर आली आणि फेब्रुवारी १९९७पर्यंत चालली. सीझन पाच, भाग अनुक्रमे ४६, ४३, ३८, ३९ आणि ३४. बेरीज बरोबर २००. आजीचा हात वालावरच थांबला. दासबोधाचे दशक वीस, प्रत्येकात दहा समास, म्हणजे तेही २००च. आणि जिथे समर्थांनी तो सांगितला, कल्याणस्वामींनी उतरवून घेतला, असं परंपरा सांगते ती शिवथरघळ तर वरंधच्या शेजारची. त्या क्षणापासून आजीच्या लेखी ही मालिका पोथी झाली.

पोथी म्हटली की प्रक्षिप्त आलंच. टीव्हीची गाडी मासिकाच्या पुढे धावायला लागली तेव्हा दुसऱ्या सीझनचे पहिले १३ भाग मूळ कथेत नसलेल्या मजकुरानं भरून काढले. पाचव्याचे पहिले सहाही चौथ्यातल्या नेहेलेनिया राणीची उसनवारी फेडण्यात जातात. नातीला असल्या भरतीची चीड. ज्ञानेश्वरीत घुसलेले पाठ निवडायला १५८४मध्ये एकनाथ महाराज तरी होते. इथे २०१४मध्ये 'क्रिस्टल' नावानं सगळी कथा मुळाबरहुकूम पुन्हा सांगायला घेतली, आणि ती पाचव्या सीझनच्या कथेपर्यंत पोचायला २०२३ उजाडलं.

नाव सांगताना पहिली ठेच लागली. सेलर म्हणजे खलाशी. "मग बोट कुठाय?" बोट नाही; जपानात शाळेच्या मुलींचा गणवेशच नाविकांच्या धर्तीचा. नायिकेचं नाव मात्र एका दमात पोचलं. त्सुकिनो उसागी, चंद्रावरचा ससा. आपण चंद्राला शशांक म्हणतो तो याच सशापायी.

उसागीच्या साथीला एकेका ग्रहाच्या नावाची पोरगी; तिथे मात्र आजी अडून बसली. नवग्रहांत मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी सगळे पुरुष, आणि इथे पाचही स्कर्टात. बुधाकडे पाणी कसं? तर जपानीत बुधाचं नावच 'जलतारा', मंगळाचं 'अग्नितारा', गुरूचं 'काष्ठतारा'. हे पटलं. पण शनी म्हणून होतारू नावाची शेलाटी मुलगी लांब दांड्याचं शस्त्र घेऊन उभी राहिली, तेव्हा आजीनं वालाचे हात पदराला पुसून नमस्कार केला. शनिवारी जिला तेल घालायचं ती कोणत्याही रूपात येवो, आपण वाकडं जाऊ नये.

मग थ्री लाइट्स आले. तीन देखणे गायक, लढायची वेळ आली की बाया होतात. इथे नातीनं बरंच मोठं भाषण तयार ठेवलं होतं: चित्रकथेत त्या मुळातच बाया, पुरुषी वेष घालणाऱ्या, टीव्हीवर पुरुषांच्या बाया होतात, आणि इटलीत तर भाषांतर करताना पोरांच्या जुळ्या बहिणी येऊन लढतात असं ठोकून दिलं. इंग्रजी डबिंगमध्ये हा सीझन यायला २०१९ उजाडलं. आजी म्हणाली, "नमन-खेळ्यांत गौळणी कोण व्हायचे? गडीच ना? इटलीवाल्यांना नमन दाखवा." भाषण तिथेच आटोपलं.

आजी खरी गुंतली ती मामोरूत. उसागीचा हा ठरलेला नवरा शिकायला अमेरिकेला जातो. ती पत्रावर पत्र लिहिते, उत्तर नाही. महाड-पोलादपुरातली किती घरं मुंबईतल्या गिरणीच्या पगारावर चालली. पोस्टमन नुसताच दारावरून पुढे गेला की बाई दिवसभर कशी वागते, हे आजीला सबटायटलशिवाय कळत होतं. "दुसरी ठेवली असंल," तिनं निकाल दिला, आणि सेइया नावाचा गायक उसागीभोवती घोटाळायला लागला तेव्हा, "हा बरा आहे, हजर तरी असतो," असंही म्हणाली.

शेवटाकडे कळलं की मामोरूला विमानातच या सीझनच्या खलनायिकेनं, गॅलाक्सियानं, मारलं होतं. आजी बराच वेळ गप्प. रिकाम्या साली मुठीत तशाच. मेलेल्या माणसावर नाही ते बोलल्याचं तिच्या जिवाला लागलं. दोनशेव्या भागात तो परत आला, चंद्र उगवला, नात डोळे पुसत मोबाइल ठेवायला लागली.

"थांब गं बाय. तो पोचलाच नाही, तर तिनं टाकलेली पत्रं घेतली कुणी?"

नातीला मासिकातली कथा पाठ होती, सिनेमे पाठ होते, इटलीतल्या जुळ्या बहिणीही पाठ होत्या. ती गच्चीवर एका कोपऱ्यात रेंजची एक काडी येते तिथं छत्री धरून उभी राहिली. खाली वालाचं बिरडं शिजून तयार झालं तरी तिचा शोध चालूच होता.