स्वावलंबनाचं पेव

पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं कोठार. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आत मात्र खोलीएवढी जागा. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद अशा पेवांमध्ये साठवत आणि वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. तोंड लिंपून बंद केलं की आतला प्राणवायू संपत जाई, आणि जिथे श्वासच घेता येत नाही तिथे किडा जगणार कसा? माणसालाही हाच नियम लागू, म्हणून पेव उघडल्याबरोबर कुणी आत उडी घेत नसे. आधी कंदील सोडायचा; तो विझला तर थांबायचं. 2005 च्या पुरात इथल्या पेवांमध्ये पाणी शिरलं आणि हळदीने गोदामाची वाट धरली. मराठी भाषेतली पेवं मात्र शाबूत आहेत, ती अधूनमधून फुटत असतात. क्लासचं फुटलं, बाबाबुवांचं फुटलं, बिर्याणीच्या दुकानांचं फुटलं. सध्या शहरी मध्यमवर्गात स्वावलंबनाचं फुटलं आहे. आत उतरण्याआधी एक कंदील सोडून पाहावा, एवढाच या मजकुराचा हेतू.

या संप्रदायाचं घर ओळखायला सोपं असतं. ओट्यावर लाकडी घाण्याच्या तेलाची काचेची बाटली, शेजारी आंबवलेल्या पिठाची बरणी (हिला पाळीव प्राण्यासारखं नाव ठेवलेलं असतं), गॅलरीत गांडूळखताचा डबा, आणि दारामागच्या खुंटीला ती पिशवी. संकट आलं की उचलायची आणि निघायचं. कुठे निघायचं हे ठरलेलं नसतं, पण पिशवी भरलेली असते. तिच्यात शिट्टी, हाताने चावी फिरवायचा रेडिओ, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, चकाकणारं पातळ पांघरूण, खजूर आणि चिक्की. मार्च 2025 मध्ये युरोपीय आयोगाने तिकडच्या नागरिकांना निदान 72 तास पुरेल एवढी तजवीज घरात ठेवायला सांगितली, आणि आयोगाच्या एका आयुक्तबाईंनी आपल्या पर्समधून काय काय निघतं ते चित्रफितीत करून दाखवलं. त्यांच्या शेजारी युद्ध पेटलेलं आहे, त्यांचं समजण्यासारखं आहे. आपल्याकडे ती यादी जशीच्या तशी आली. भर पडली ती फक्त थेपल्यांची. ज्या सोसायटीत आठवड्याला तीनदा टँकर येतो, तिथे 72 तास पुरेल एवढं पाणी साठवण्याला संकटाची तयारी म्हणत नाहीत, मंगळवार म्हणतात.

पण या मंडळींचा मुख्य दावा सुरक्षिततेचा नसून काटकसरीचा असतो, तेव्हा तोच तपासू. टोमॅटो घ्या, कारण गच्चीवरच्या शेतीची पहिली दीक्षा टोमॅटोचीच असते. जुलै 2023 मध्ये टोमॅटो किलोला दीडशेच्या पार गेला आणि घरोघरी कुंड्या आल्या. कोकोपीट आलं, नीमपेंड आली, फवाऱ्याची बाटली आली, आणि रोपाला आधार म्हणून हिरवी काठीही बाजारातून आली. बियाण्यापासून तोडणीपर्यंत टोमॅटोला तीनेक महिने लागतात. म्हणजे जुलैत जिद्दीने पेरलेलं फळ हाती आलं ते सप्टेंबर सरून ऑक्टोबर उजाडताना, आणि तोवर भाव असे कोसळले होते की नाशिककडचा शेतकरी माल बाजारात नेण्यापेक्षा रस्त्यावर ओतून मोकळा होत होता. त्याच शेतकऱ्याने त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातही टोमॅटो ओतला होता. तेव्हा मात्र कुणाला कुंडी घ्यावीशी वाटली नाही. समजा, दोन हजार रुपयांच्या सामग्रीतून चार किलो टोमॅटो निघाले, तर तो पाचशे रुपये किलो पडला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण रचणाऱ्याने गच्चीवरची बाग पाहिली नव्हती, नाहीतर आणखी आकडा चढवला असता. यावर उत्तर तयार असतं: सामग्री एकदाच घ्यायची, पीक वर्षानुवर्षं निघतं. हे खरं ठरलं असतं, जर दुसऱ्या वर्षी त्या कुंडीत टोमॅटोच लावला असता. दुसऱ्या वर्षी ड्रॅगनफ्रूट असतं.

तरीही कुंडीचा हिशेब निदान मांडता तरी येतो, कारण तिची पावती असते. खरी गोम बिनपावतीच्या जिनसांत आहे. कुरडई पाहा. 'घरी केली की कितीतरी स्वस्त पडते' हे वाक्य या वर्तुळात श्लोकासारखं म्हटलं जातं. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास मारतो. चौथ्या दिवशी वाटायचे, गाळायचे, चीक रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, आधण ठेवायचं आणि चीक घेरायला बसायचं. हे घेरणं म्हणजे एका हाताने ओतणं आणि दुसऱ्याने लाटण्याएवढ्या दांड्याने न थांबता घोटणं. क्षणभर हात थांबला की गुठळी, आणि गुठळी झाली की सोऱ्याची जाळी तुंबते. ऊन चढायच्या आत गच्चीत जुन्या साडीवर कुरडया पाडून व्हायला हव्यात. मग दिवसभर कावळे हाकायचे. गहू आणि मीठ यांची बेरीज केली तर कुरडई खरोखरच स्वस्त पडते. बेरजेत त्या दोन हातांचा रकाना घातला की पडत नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष 97, असं आढळलं. (पुरुषांच्या 97 मिनिटांत भाजी आणायला जाऊन कट्ट्यावर घालवलेला वेळ धरला की नाही, कोण जाणे.) म्हणजे घरगुती काटकसरीचं गणित एका अटीवर सुटतं: कुणाच्या तरी श्रमांची किंमत शून्य धरायची. हे शून्य आपलं नसलं म्हणजे झालं.

गिरगावातल्या सात बायकांना हे गणित केव्हाच कळलं होतं. 15 मार्च 1959 रोजी त्यांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि घरात न ठेवता विकले. लिज्जतची सुरुवात ती. घरच्या लाटीला दाम नव्हता, बाजारातल्या लाटीला मिळाला. साठपासष्ट वर्षांनी त्यांच्याच नातवंडांच्या वयाची पिढी पापड पुन्हा घरात आणते आहे, आणि त्याला मुक्ती म्हणते आहे.

इथे पहिला आक्षेप हटकून येतो. आपल्या आज्या-पणज्या हेच करत होत्या ना, मग आताच्यांनी केलं तर हसता का? उत्तर असं की त्या हे करत नव्हत्या. कोकणात पावसाआधी आगोटीची खरेदी होते आणि गोव्यात तिलाच पुरुमेंत म्हणतात. त्या साठ्याला शत्रू ठाऊक असतो आणि तारीखही. पाऊस चार महिने, वाटा बंद, समुद्रातली यांत्रिक मासेमारी आता कायद्यानेच 1 जून ते 31 जुलै बंद. म्हणून सुके बोंबील, जवळा, सोडे, मीठ, मिरच्या, कोकम, कांद्याच्या माळा. बरणीला दादरा बांधला जातो तो सोडण्यासाठीच. नारळीपौर्णिमा आली की डबे तळ दाखवू लागतात आणि दाखवायलाच हवेत. बेगमी खाऊन संपली तर ती बेगमी. आजच्या तयारीला शत्रू नेमका नाही, कधी भूकंप, कधी तिसरं महायुद्ध, कधी फक्त इंटरनेट बंद. आणि शत्रू नेमका नाही म्हणून साठा किती पुरे हे ठरवता येत नाही. त्यामुळे तो वाढत राहतो. आजीच्या फडताळात साठा होता, नातवाच्या फडताळात संग्रह आहे. रुखवतातला लाडू जसा कुणी उचलून खात नाही तशीच त्यातली राजगिऱ्याची चिक्की.

दुसरा आक्षेप करोनाचा, आणि तो वजनदार आहे. 24 मार्च 2020 च्या रात्री आठला एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता, आणि साखरेच्या गाठींऐवजी लोक कणकेच्या रांगेत उभे होते. ज्याच्या घरी महिन्याचं वाणसामान होतं तो त्या रात्री निवांत झोपला, यात शंका नाही. महिन्याचं वाणसामान भरा, असं सांगायला मात्र कुठल्याही संप्रदायाची गरज नाही. ते पगार झाल्यावर आपण भरतोच. त्या एकवीस दिवसांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मात्र कुणाला आठवत नाही. स्वावलंबी घरातही गॅसचा सिलिंडर वर चढवून देणारा माणूस लागला, पहाटे दूध टाकणारा लागला, कचरा नेणारा लागला, आणि आंबवलेल्या पिठाच्या त्या बरणीला लागणारा मैदासुद्धा दुचाकीवरून तोंडाला रुमाल बांधून कुणीतरी आणून दिला. त्याआधी 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री तर सर्वांत जुन्या आणि सर्वांत गुप्त बेगमीचाच निकाल लागला. डाळीच्या डब्यात, तांदळाच्या तळाशी, उशीच्या अभ्र्यात जपलेल्या पाचशेच्या नोटा चार तासांत कागद झाल्या. नवऱ्याला, सासूला, चोराला जे सापडलं नव्हतं, ते एका भाषणाला सापडलं. तीन दिवसांनी मीठ संपणार अशी अफवा उठली आणि मुंबईपर्यंत पोचली. ज्या शहराला वडाळा, भांडुप, मुलुंड अशी मिठागरंच मिठागरं, तिथेही मिठाच्या चौकशा सुरू झाल्या. घराच्या दाराला आतून कितीही कड्या घातल्या तरी नोट, मीठ आणि सिलिंडर बाहेरूनच येतात.

ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्यांना यातून वगळायला हवं. त्यांचं काम खरंच उपयोगाचं आहे, आणि चिलटं त्यांना पुरेशी शिक्षा देतात. छंद म्हणून मेथी पेरणाऱ्यांशीही भांडण नाही. माणसं पैसे खर्चून क्रिकेट बघतात, मेथी बघितली तर काय बिघडलं? भांडण आहे ते छंदाला काटकसर म्हणण्याशी. कारण काटकसर हा शब्द ज्यांच्या घरात रोज राबतो, त्यांच्याकडून तो उचलून आणलेला आहे.

आणि संकट येतं तेव्हा ते कुणाकडे येतं तेही पाहावं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी लोकांनी सामान चढवून ठेवलेल्या माळ्यांपर्यंत गेलं. पाणी तळमजल्यापासून वर चढतं आणि संकटाची पिशवी बहुधा चौदाव्या मजल्यावर असते. तिथे फार तर लिफ्ट बंद पडते. पिशवीचा एक नियम असतो: सहा महिन्यांनी आतला खाऊ बदलायचा, नाहीतर मुदत उलटते. बदललेला खाऊ टाकवत नाही, हीच तर काटकसर. तो कामाला येणाऱ्या मावशींना दिला जातो. गॅलरीतल्या टोमॅटोला रोज पाणीही त्याच घालतात. मावशींचं घर नाल्याच्या कडेला, पत्र्याचं. तिथे पत्र्याखालच्या आडव्या वाशाला एक प्लास्टिकची पिशवी दोन गाठी मारून टांगलेली असते. आत रेशनकार्ड, आधार, मुलीची दहावीची गुणपत्रिका, लाइटबिल. तांदळाचा डबा पलंगाखाली विटांवर असतो, आणि जून लागला की आणखी दोन विटा वाढतात. मावशींना कुणी यादी दिलेली नाही. सहा महिन्यांनी काय बदलायचं, तर फक्त गाठ घट्ट करायची. त्या पिशवीशेजारच्याच खिळ्याला आता चौदाव्या मजल्यावरून आलेलं खजुराचं पाकीट अडकवलेलं आहे. मुदत संपायला चार दिवस आहेत.