मधाची पुण्याई

मधुमेह निघाला की घरात साखरेचा डबा वाळीत पडतो आणि त्याच फळीवर मधाच्या बाटलीची प्राणप्रतिष्ठा होते. साखर कारखान्याची म्हणून वाईट, मध निसर्गाचा म्हणून चांगला. निसर्गाचा तर धोतराही आहे, पण त्याची चटणी कोणी वाटत नाही. मधात साधारण 38 टक्के फ्रुक्टोज, 31 टक्के ग्लुकोज आणि 17 टक्के पाणी असतं. साखरही पोटात गेल्यावर याच दोघांत फुटते. मधाच्या बाबतीत ती फोडाफोड मधमाशीने आधीच उरकलेली असते. म्हणजे वाचतात ते फक्त आपल्या आतड्यांचे कष्ट.

यावर ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर चढवण्याचा वेग, पुढे केला जातो. मधाचा कमी असतो, कबूल : साखरेचा 65 च्या आसपास, मधाचा 60 च्या. पण एवढ्या भांडवलावर चमचा किती सैल सुटतो ते पाहा. चहाच्या सपाट चमच्यात साखर मावते चार ग्रॅम. मध काठावर फुगून बसतो आणि सात ग्रॅम भरतो. पाणी वजा जाता साखर साडेपाचच्या पुढेच. बाटलीच्या गळ्यावरून ओघळलेला थेंब बोटाने पुसून ते बोट कुठे जातं, हे वेगळं सांगायला नको. इराणमधल्या 2009 सालच्या एका प्रयोगात टाइप 2 च्या रुग्णांनी आठ आठवडे मध खाल्ला. वजन उतरलं, कोलेस्टेरॉल सुधारलं आणि रक्तातल्या साखरेची गेल्या काही महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी वाढलं. यातलं शेवटचं तेवढं व्हॉट्सॲपवर पोचत नाही.

मग आयुर्वेदाला साक्षीला बोलावतात. मधुमेह ज्यात मोडतो त्या प्रमेहात मध सांगितलाय हे खरं, पण हळद आणि आवळ्याच्या रसाबरोबर. घरी येईपर्यंत हळद गळते, आवळा गळतो, मध तेवढा उरतो. तेच शास्त्र उष्ण पदार्थाबरोबर मध घेऊ नका म्हणतं, आणि त्याचेच भक्त रोज सकाळी गरम पाण्यात तो ढवळतात. हे सगळं अर्थात बाटलीत मध असेल तर. 2020 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तपासलेल्या 13 ब्रँडपैकी सगळ्या चाचण्यांत उतरले फक्त तीन.

मधाला औषध म्हणायचंच, तर तशी एक वेळ खरोखर येते. इन्सुलिन जास्त झालं, रक्तातली साखर 70 च्या खाली गेली, दरदरून घाम फुटला, की डॉक्टरच एक मोठा चमचा मध चाटायला सांगतात. कारण त्याने साखर झटपट वाढते.