हर्ट्झ विकत घेतले, वापरले कुणी?

पुण्याच्या कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींच्या टेबलावर हल्ली १४४ हर्ट्झचा मॉनिटर सर्रास दिसतो. खोक्यावर आकडा ठसठशीत छापलेला. तो पडद्यावर उतरलाय का, हे कुणी पाहिलंय?

सेटिंग्ज उघडा. सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेटचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो त्याचा, रकाना आहे. बऱ्याच मशीनवर विंडोज तो ६० वरच ठेवतं आणि मालकाला सांगतही नाही.

म्हणजे पैसे १४४ चे मोजले आणि माल ६० चा वापरला.

दुसरी तपासणी केबलची. माळ्यावरची जुनी एचडीएमआय जोडली की वरचे आकडे यादीतून गायबच होऊ शकतात. डिस्प्लेपोर्ट असेल तर तो वापरा. आणि केबल मशीनच्या मागे नेमकी कुठे खोचलीय, तेही वाकून बघा. ती मदरबोर्डला लावलेली असेल, तर महागडं ग्राफिक्स कार्ड शेजारी नुसतं बसून असतं.

एवढं करून जुना गेम लावला. आता तरी सुख?

नाही. खरी कटकट इथेच सुरू होते.

हे दुखणं नवं नाही. विंडोज एक्सपीच्या काळात जाड पाठीचे मॉनिटर होते. डेस्कटॉप ८५ हर्ट्झवर ठेवला तरी गेम उघडताच पडदा ६० वर घसरायचा आणि लुकलुकायचा. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळणारी जाणती मुलं सुरुवातीलाच पडदा १०० हर्ट्झवर ठेवणारी ‘फ्रेक १००’ अशी आज्ञा लिहून ठेवत. बाकीच्यांचं डोकं दुखायचं. घरचे म्हणायचे, गेममुळे डोळे गेले. डोळ्यांना त्रास होत होता हे खरंच, पण त्याबद्दल विंडोजला कुणी जाब विचारला?

आता पडदा लुकलुकत नाही. आता गेमच बिघडतो.

स्कायरिम घ्या. २०११ चा गेम. सुरुवातीलाच नायक हात बांधलेल्या अवस्थेत बैलगाडीसारख्या गाडीतून चाललेला असतो. ६० हर्ट्झवर गाडी निमूट चालते. त्याच गेमला १४४ चा मॉनिटर द्या, गाडी थरथरते, उडते, गिरक्या घेते. खेळणाऱ्यानं काहीही छेडलेलं नसतं. गेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवून घ्यायला जातो आणि त्यातच त्याचं भौतिकशास्त्र मोडतं.

चांगला मॉनिटर आणला, हाच गुन्हा?

कारण साधं आहे. कोणतीही हालचाल किती वेळ गेला त्यावर मोजायची असते. अशा गेममध्ये काही हिशोब फ्रेमवर बांधलेले असतात. ६० ला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, १४४ ला ६.९ ची. फ्रेम वाढल्या की हिशोब कोलमडतो. रिक्षाचं मीटर किलोमीटरऐवजी खड्डे मोजून पळावं, तसा प्रकार.

जीटीए सॅन अँड्रियासमध्ये फ्रेमची मर्यादा काढून बघा, नायक सीजेला पोहताना पाणी कापवत नाही. क्वेक थ्रीमध्ये नेमक्या १२५ फ्रेमला उडी जास्त उंच जायची, म्हणून स्पर्धेतले खेळाडू तोच आकडा धरून बसत. खेळात कौशल्य मोजायचं की फ्रेम?

१९९३ च्या डूमनं निदान प्रामाणिकपणे सेकंदाला ३५ ठोके ठरवून घेतले होते. त्याआधी मशीन फार वेगवान झालं म्हणून जुने प्रोग्रॅम सुसाट सुटायचे. त्यासाठीच तर ४८६ च्या डब्यावर टर्बोचं बटण असायचं. रोग तेव्हाच कळला होता. मग २०११ साली तो पुन्हा कशासाठी लावून घेतला?

आणि दुरुस्ती कोण करतं? डार्क सोल्स २०१२ साली पीसीवर आला तो ३० फ्रेमला जखडलेला. ‘ड्युरांटे’ नावानं वावरणाऱ्या एका हौशी माणसानं डीएसफिक्स लिहून फुकट वाटलं, पुढे ३० चं कुलूपही त्यातच निघालं. सॅन अँड्रियासची डागडुजी सायलेंटपॅच करतो, तोही फुकट. जुन्या डायरेक्टएक्सचे गेम आजच्या कार्डावर चालवायला डीजीवूडू आहे. हीसुद्धा एका माणसाचीच मेहनत.

कंपन्या काय करतात? पुन्हा विकतात. स्कायरिम २०१६ मध्ये नव्या रूपात आला, फ्रेमचं दुखणं तसंच. जीटीएची तीन जुनी भावंडं २०२१ मध्ये नव्यानं विकायला काढताना मूळ आवृत्त्या दुकानातून उचलल्या. नवं रूप इतकं सदोष निघालं की गिऱ्हाईक खवळलं, कंपनीनं माफी मागितली आणि जुन्या पुन्हा मांडल्या.

गिऱ्हाईक ओरडलं म्हणून. एरवी?

आता कामाचं. मोठा आकडा प्रत्येक गेमला मानवत नाही. गेम ६० ला बांधलेला असेल आणि पडदा १४४ वर, तर भागाकार २.४ येतो. काही फ्रेम पडद्यावर दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि चाल अडखळते. पडदा १२० वर आणा. प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा, ३० चा गेम असेल तर नेमकी चारदा. पडद्याचा वेग गेमशी जुळवणारं जी-सिंक किंवा फ्रीसिंक चालू असेल तर ही आकडेमोडही करावी लागत नाही.

म्हणजे १४४ चा मॉनिटर १२० वर लावला की ६० ला बांधलेला जुना गेम सुधारतो. दुकानदार हे सांगेल?

तेव्हा नव्या मालासाठी तापकीर गल्लीतली दुकानं गाठण्याआधी घरी एवढं करा. सेव्ह फाइलची प्रत काढून ठेवा. रिव्हाट्यूनर या प्रोग्रॅमनं गेम त्याच्या मूळ मर्यादेवर बांधा. त्या गेमचा हौशी मंडळींनी लिहिलेला पॅच आहे का, ते शोधा, आणि कामी आला तर लिहिणाऱ्याला चार पैसे पाठवा. कंपनीनं करायचं काम त्यानं केलंय.